जुना कॉम्प्युटर, त्याच्या आत जुना कॉम्प्युटर

आमच्या पिढीला कॉम्प्युटरचं पहिलं शहाणपण शिकवलं ते फॉरमॅट मारायला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायला, येणाऱ्या मुलाने. प्रत्येक सोसायटीच्या ओळखीत असा एक मुलगा असायचा. पाठीला सॅक, सॅकमध्ये सीड्यांचं पाउच, खिशात स्टार स्क्रू ड्रायव्हर. बारावीनंतर हार्डवेअरचा कोर्स केलेला आणि चहाला कधीही नाही न म्हणणारा. आमच्याकडे येणारा मुलगा बाबांना दर खेपेला एकच गोष्ट बजावायचा, "काका, महत्त्वाचं काही सी ड्राइव्हमध्ये ठेवू नका. विंडोज उडालं की सी जाणार. तुमचं सगळं डीमध्ये टाका."

बाबा शाळामास्तर. शिस्तीचं वाक्य कानावर पडलं की ते पाळणारच. त्यामुळे आमच्या डीमध्ये बाबांची पत्रं, सोसायटीचे हिशेब, माझा बायोडेटा आणि ताईच्या लग्नाचे फोटो. ईमध्ये गाणी. एफमध्ये सिनेमे, आणि 'सेटअप' नावाचा एक फोल्डर, ज्यात पुढच्या फॉरमॅटनंतर टाकायची सॉफ्टवेअरं. त्या काळात कोणाच्याही घरचा असेंबल केलेला पीसी उघडला तरी आत हीच वाडी दिसायची.

आता गंमत अशी, की सी, डी, ई, एफ हे सगळं एकाच डिस्कवर. एका खोलीत खडूने रेघ मारून अलीकडे स्वयंपाकघर आणि पलीकडे देवघर म्हणावं, तशी ती वाटणी. विंडोज बिघडलं तर डी वाचतो, हे खरंच. पण डिस्क गेली तर चारही अक्षरं एकदम जातात. हे त्या मुलाला माहीत असणार. पण एका डिस्कचे पैसे देताना ज्यांचा जीव वरखाली झाला, त्यांना दुसरी डिस्क घ्या म्हणून कोण सांगणार? त्याने ऐपतीत बसेल तेवढं शहाणपण दिलं, आणि एका अर्थाने ते पुष्कळ वर्षं टिकलं.

पुढे नवा कॉम्प्युटर आला तेव्हा जुन्याचा डी उचलून नव्याच्या डीमध्ये ठेवला गेला. फोल्डरचं नाव 'जुना कॉम्प्युटर'. मग लॅपटॉप आला. त्यात पुन्हा 'जुना कॉम्प्युटर', आणि त्याच्या आत आधीचा 'जुना कॉम्प्युटर'. मग पाचशे जीबीची बाहेरून लावायची डिस्क, तिच्यावर 'लॅपटॉप सगळं'. मग एक टीबीची डिस्क आली. ती लावल्यावर ९३१ जीबीच दिसतात म्हणून दाजी दुकानदाराशी भांडायला निघाले होते. त्यांना समजवावं लागलं, की डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. माप दोघांचंही खरं. दाजींना ते अजून पटलेलं नाही.

तर बाबा गेल्यानंतर हे सगळं ज्यात साठलं होतं तो ड्रॉवर माझ्याकडे आला. हार्ड डिस्का, पेन ड्राइव्ह, सीड्यांचं पुठ्ठ्याचं खोकं, वेगवेगळ्या जाडीच्या केबली. आवरायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, प्रश्न जागेचा आहे. जागेचा प्रश्न सर्वांत सोपा निघाला. आज बाजारात मिळणाऱ्या एका साध्या डिस्कवर आमच्या घराचं सगळं मावतं, वर जागा उरते.

सर्वांत जुनी डिस्क चाळीस जीबीची. तिच्या मागे चपट्या, रुंद पट्टीसारख्या केबलचा दातेरी खाचा. आयडीई म्हणायचे त्याला. आजच्या कुठल्याही लॅपटॉपला ती थेट लागत नाही. पुण्यात बुधवार पेठेत हिंडून यूएसबीला जोडायचा एक अडॅप्टर मिळाला, त्याला वेगळा पॉवर सप्लाय. दुकानदाराने डिस्क हातात घेऊन तोलली, "मॅडम, अजून चालते?" म्हणाला. मी म्हटलं, तेच बघायचंय.

लावली आणि ती फिरू लागली. तो आवाज मी विसरले होते: आधी चढत जाणारी शीळ, मग दोन हलके ठोके, मग एकसुरी घूं. आजच्या एसएसडीला, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कला, आवाजच नसतो, त्यामुळे ती मरायला टेकली तरी कळत नाही. फिरती डिस्क निदान कुरकुरते. आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात आणि वाचणारं टोक तबकडीला न टेकता काही नॅनोमीटर वरून तरंगत असतं. धुळीचा कण त्या अंतरापुढे डोंगर. म्हणून डिस्क चालू असताना धक्का लागू देऊ नये, आणि एका लयीत टक-टक, टक-टक ऐकू येऊ लागलं तर पुन्हा पुन्हा लावून बघण्याचा मोह टाळावा. दर खेपेला टोक तबकडीवर घासत असेल, तर आपण आपल्याच हाताने फोटो खरवडत असतो.

आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात आणि जागा साधारण ५० लाख अक्षरांची. मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटो तिच्यावर जेमतेम मावला असता. आपल्याकडच्या लोकांनी त्या मोबाइलवर 'शुभ सकाळ' लिहिलेली गुलाबाची फुलं साठवली, ही पुढची प्रगती.

आवरताना मी पहिला नियम हा ठेवला, की काही पुसायचं नाही. आधी सगळ्या डिस्कांवरचं सगळं एका नव्या मोठ्या डिस्कवर जसंच्या तसं उतरवायचं, प्रत्येक जुन्या डिस्कचा वेगळा फोल्डर करून. उतरवण्याआधी प्रत्येक डिस्कची तब्येत बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वतःच्या दुखण्यांची जी नोंद ठेवते, ती ते वाचून दाखवतं. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर' म्हणून एक ओळ असते. म्हणजे खराब झालेल्या जागा सोडून डिस्कने राखीव जागांवर किती संसार हलवला, त्याचा आकडा. तो शून्य असेल तर उत्तम, वाढत असेल तर त्या डिस्कचं काम सर्वांत आधी उरकायचं.

मग एकसारख्या फाइली. एकात एक 'जुना कॉम्प्युटर' असल्यामुळे ताईच्या लग्नाचा प्रत्येक फोटो कित्येक ठिकाणी निघाला. हे हाताने बघत बसायचं नसतं. ड्यूपगुरू किंवा चकावकासारखी सॉफ्टवेअरं प्रत्येक फाइलच्या आतल्या मजकुरावरून तिचा एक ठसा काढतात आणि ठसे जुळले की फाइल तीच, नाव काहीही असो. नावावर विश्वास ठेवणं भलतंच धोक्याचं. कॅमेरे फोटोंना ०००१ पासून ९९९९ पर्यंत आकडे देतात आणि पुन्हा ०००१ वर येतात. त्यामुळे कोकणातल्या सहलीचा आणि मुंजीचा फोटो एकाच नावाचा असू शकतो. दोन्ही एका फोल्डरमध्ये टाकायला जावं तर कॉम्प्युटर अदबीने विचारतो, 'रिप्लेस करू?' घाईत 'हो' म्हटलं की मुंज झालीच नाही.

ठसा पद्धत हार जाते ती व्हॉट्सअ‍ॅपपुढे. तिथून आलेला फोटो दाबून लहान केलेला असतो आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली नोंदही गळलेली असते. डोळ्यांना तोच फोटो, पण कॉम्प्युटरच्या लेखी वेगळी फाइल. नावात जी तारीख दिसते, ती फोटो आपल्याला मिळाल्याची. आत्याने जुन्या अल्बममधला आजोबांचा फोटो मोबाइलने काढून पाठवला, तर आजोबा २०१९ सालचे.

वर्षावार लावायला घेतलं तेव्हा बाबांच्या फोल्डरांनी हसवलं. त्यांनी महिन्यांची नावं मराठीत दिली होती आणि कॉम्प्युटरने ती वर्णमालेप्रमाणे लावली होती. पहिला एप्रिल, ही सुरुवात निदान आयकर खात्याला मान्य होईल. पण एप्रिलनंतर ऑक्टोबर, मग ऑगस्ट, मग जानेवारी. आधी साल, मग महिन्याचा दोन आकडी अंक, मग दिवस आणि शेवटी प्रसंग, असं नाव दिलं की हे भांडण मिटतं. याहून सुंदर रचना लोकांनी सुचवलेल्या मी वाचल्या आहेत, माणसं-ठिकाणं-प्रसंग अशा तीन-तीन पातळ्यांच्या. त्या करणाऱ्याच्या उत्साहावर चालतात, आणि उत्साह संपला की अर्धवट रचना ही गोंधळापेक्षा वाईट. साल-महिना-दिवस कंटाळलेल्या माणसालाही जमतं.

इथवर सगळं कामच होतं, डोकं न लावता उरकण्यासारखं. अडले ते 'बाबा' नावाच्या फोल्डरपाशी.

आजी वाई तालुक्यातली. जात्यावर बसायची वेळ संपून गेली तरी तिच्या ओव्या संपल्या नव्हत्या. बाबांनी सुट्टीत तिच्यापुढे वही घेऊन बसून त्या उतरवल्या होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी ती वही डीटीपीवाल्याला देऊन टाइप करून घेतली. वही त्याच्याकडून परत आली की नाही, याबद्दल घरात दोन मतं आहेत. दुकान तर केव्हाच बंद झालं. राहिली ती डीमधली एक वर्डची फाइल. ती डीमधून डीमध्ये, डिस्कवरून डिस्कवर न चुकता पोचत आली होती. प्रती भरपूर, ठसे सगळ्यांचे जुळणारे. एक बाइट इकडची तिकडे झालेली नव्हती.

उघडली तर आत इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, कंस, मध्येच एखादं डोक्यावर टोपी घातलेलं फ्रेंच अक्षर. पानंच्या पानं.

ज्यांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मराठीत टाइप केलंय त्यांना हे नवं नाही. शिवाजी, किरण, योगेश, श्रीलिपीतले कितीतरी फॉन्ट. तेव्हाचं सगळं मराठी यांच्यावर चाललं होतं. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, शाळेच्या प्रश्नपत्रिका. त्यांची युक्ती अशी, की फाइलमध्ये साठवायची इंग्रजी अक्षरांचे आकडे, आणि पडद्यावर त्या आकड्यांच्या जागी फॉन्टने देवनागरीचे तुकडे काढून दाखवायचे. अर्धा क, काना, रफार, वेलांटी, सगळे सुटे तुकडे. म्हणजे फाइलमध्ये मराठी नव्हतंच कधी. ते फॉन्टमध्ये होतं. आणि प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या जागांवर बसवलेले, त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये लावली तर वेगळीच भाषा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला स्वतःची जागा १९९१ सालीच मिळाली होती. विंडोज २००० बरोबर युनिकोडचा मंगल फॉन्टही आला. पण डीटीपीची दुकानं, छापखाने आणि हाताला बसलेले कीबोर्ड पुढे पुष्कळ वर्षं जुन्या वाटेने चालत राहिले. तसं बघितलं तर त्यांचं चुकत नव्हतं. त्यांना कागद छापून द्यायचा होता आणि कागद छान निघत होता.

आता हा कुठला फॉन्ट? वर्डने फाइलमध्ये नाव जपलं होतं, पण नावाने फॉन्ट येत नाही. इंटरनेटवर त्याच नावाचा एक सापडला, त्याच्यात निम्मी अक्षरं बरोबर आणि जोडाक्षरं भलतीच. कोणीतरी मधल्या काळात सुधारून वाढवलेला असणार.

मग सुचलं, की फॉन्ट विंडोजच्या फोल्डरमध्ये राहतात, आणि विंडोज सीमध्ये. डी आम्ही पिढ्यानपिढ्या वाहून आणला, सी कोणीच आणला नव्हता; त्यात महत्त्वाचं काही नसतं ना! चाळीस जीबीची मूळ डिस्क मात्र शेवटच्या दिवशी होती तशी पडून होती. तिच्या सीमध्ये, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये, ती एवढीशी फाइल निघाली. साठ-सत्तर केबी असेल. ती नव्या लॅपटॉपमध्ये टाकून वर्ड पुन्हा उघडलं आणि आजी मराठीत बोलायला लागली.

त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात, तेही लावले. पण जुन्या फॉन्टांमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते, आणि रफार अक्षराच्या नंतर, कारण तो डोक्यावर शेवटी चढतो. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. कन्व्हर्टरला हे उलटसुलट करून बसवावं लागतं, आणि जोडाक्षर मोठं झालं की त्याची दांडी गुल. 'माहेरची', 'बंधुराया', 'जात्याईसवरा' हे सगळं मी आईला शेजारी बसवून एकेक ओळ वाचून नीट केलं. आई मध्येच थांबवून म्हणायची, "असं नाही म्हणत त्या, चाल बसत नाही," आणि तिच्या चालीवर ओळ म्हणून दाखवायची. तिथे कुठला पाठ घ्यायचा हा प्रश्न कॉम्प्युटरचा नव्हता.

या सगळ्यात मला राहून राहून महानुभावांची आठवण येत होती. म्हाइंभटांनी जमवलेलं 'लीळाचरित्र' परचक्राच्या धामधुमीत हरवलं. मग ज्यांच्या स्मरणात ते होतं, त्यांच्याकडून ते पुन्हा उभं करण्यात आलं. स्मरण प्रत्येकाचं थोडं वेगळं, म्हणून पाठही अनेक झाले. आणि पंथाचे ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून पुढे त्यांनी सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या: अक्षरांची अदलाबदल, किल्ली पंथाबाहेर द्यायची नाही. ग्रंथ शाबूत राहिले, शतकानुशतकं नकलत गेले, आणि बाहेरच्या मराठी वाचकाला मात्र ते नव्हतेच. इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिपीचा उलगडा केला, तेव्हा मराठीचं केवढं तरी जुनं गद्य एकाएकी वाचता येऊ लागलं. पोथी जपणं एक आणि किल्ली जपणं दुसरं. पोथीत किल्ली नसते.

आमच्या घरातली सकळ लिपी ताईच्या लॅपटॉपमध्ये निघाली. त्याचा बोर्ड गेला, डिस्क ठणठणीत. काढून माझ्या कॉम्प्युटरला लावली तर ४८ आकड्यांची किल्ली मागू लागली. नवे विंडोज लॅपटॉप डिस्क आपोआप कुलूपबंद करून ठेवतात, चोरीला गेला तर कोणाला आत बघता येऊ नये म्हणून. चांगलीच सोय आहे. किल्ली असते त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, जे लॅपटॉप पहिल्यांदा चालू करताना उघडलेलं असतं. ताईचा लॅपटॉप चालू करून दिला होता दाजींनी, त्यांच्या जुन्या ऑफिसच्या ईमेलवर. ती किल्ली मिळवायला दाजींना आपल्या जुन्या साहेबांना फोन करावा लागला, आणि तो फोन त्यांनी किती जड मनाने केला हे त्यांच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. ज्यांच्या घरी असा लॅपटॉप असेल त्यांनी ही किल्ली आजच छापून कपाटात ठेवावी, एवढं एक मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे.

बाबांच्या गूगल खात्याचंही तसंच. दोन वर्षं कोणी त्यात शिरलं नाही, तर ते खातं, त्यातली पत्रं आणि फोटो काढून टाकायची मुभा गूगलने आपल्या नियमांत ठेवली आहे. २०२३ च्या डिसेंबरपासून तसं होऊ शकतं. गेलेला माणूस लॉग इन करत नाही. जिवंतपणीच 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'मध्ये जाऊन आपल्यामागे कोणाला काय मिळावं हे नोंदवता येतं. मृत्युपत्राचा विषय काढला की आपल्याकडे 'अभद्र बोलू नकोस' असं होतं. बाबांचा पासवर्ड सुदैवाने किराणाच्या डायरीत शेवटच्या पानावर लिहिलेला होता. पासवर्ड कागदावर लिहू नये म्हणतात. मी म्हणते, घरातल्या माणसांसाठी लिहावा, आणि ती डायरी कुठे आहे हे दुसऱ्या एका माणसाला माहीत असावं.

क्लाउडवर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. गूगल फोटोजमध्ये अमर्याद फुकट जागा मिळायची ते दिवस १ जून २०२१ ला संपले. आता ईमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून पंधरा जीबी फुकट, पुढचे पैसे. पैशांचं एक सोडा, पण सिंक होणं आणि बॅकअप असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक म्हणजे इथे जे कराल ते तिथे होणार. इथे पुसलं की तिथेही पुसलं जाणार. आणि खंडणीसाठी फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस शिरला, तर कॉम्प्युटरला कायम लावून ठेवलेली बॅकअपची डिस्कही तो सोडत नाही. म्हणून ती लावायची, प्रत घ्यायची, काढून ठेवायची. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आहे, मॅकमध्ये टाइम मशीन. कालची, गेल्या महिन्यातली अशी जुनी रूपंही दोन्हींत मिळतात.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम या विषयात सगळेच सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. पहिल्या दोन आकड्यांना लोक पटकन राजी होतात. घराबाहेरच्या एकाला टाळाटाळ.

आमच्या घराला तो एक आकडा पानशेतने शिकवला, हार्ड डिस्क यायच्या कितीतरी आधी. १२ जुलै १९६१ ला बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. आजोबा नारायण पेठेत राहायचे. माणसं वाचली, घरातला कागद एकही वाचला नाही. म्हणून आमच्याकडे १९६१ च्या आधीचे फोटो नाहीत, एक सोडून: आजी-आजोबांचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. तो आला आजीच्या माहेरून. पूर्वी फोटो काढला की एक प्रत माहेरी आणि एक लांबच्या काकांना पोस्टाने पाठवायची पद्धत होती, हौस म्हणून. त्या हौसेने पानशेतवर मात केली.

म्हणून आमची घराबाहेरची प्रत सांगलीला ताईकडे. दिवाळीला जाताना ताजी डिस्क तिच्याकडे न्यायची, तिच्याकडची परत आणायची. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. ताईचं घर गावभागात, तळमजल्यावर. ती निघाली तेव्हा कागदपत्रांची पिशवी, दागिने, सासूबाईंची औषधं आणि सासूबाई घेऊन निघाली. डिस्क राहिली शोकेसच्या खालच्या कप्प्यात. पाणी ओसरल्यावर चिखलातून ती काढून तिने मला फोटो पाठवला आणि फोन केला.

"तुझी डिस्क गेली गं."

"जाऊ दे. इथे आहे सगळं."

"मग कशाला ठेवली होतीस माझ्याकडे?"

याला मी काय उत्तर देणार! इथलं गेलं असतं तर तिथलं कामाला आलं असतं. तिथलं गेलं, इथलं राहिलं. सगळी व्यवस्था नेमकी यासाठीच होती आणि ती चालली. मात्र चालली तेव्हा काहीच घडलं नाही, त्यामुळे सांगायला गोष्ट उरली नाही. दाजी भूगोलाचे. ते म्हणाले, "मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला. पुणं आणि सांगली एकाच खोऱ्यात. नियम म्हणतो वेगळीकडे ठेवा." त्यांच्या सूचनेवरून आता एक डिस्क नागपूरला भाच्याच्या हॉस्टेलमध्ये असते. ती तिथे अधिक सुरक्षित आहे का, हे त्या हॉस्टेलची खोली पाहिल्यापासून मी विचारत नाही.

हे सगळं मार्गी लागल्यावर, ठसे जुळवून, तारखा लावून, तीन ठिकाणी प्रती ठेवून, मी मोठ्या ऐटीत टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि आईला जुने फोटो दाखवायला बसवलं. स्टुडिओतले, मुंजीतले, कोणाच्या तरी वाड्याच्या पायरीवर बसवून काढलेले. अल्बममधून स्कॅन केलेले. आई बघायची आणि म्हणायची, "ही नलूताई. हा तिचा थोरला. ही कडेला उभी आहे ना, ही ह्यांच्या मावशींची जाऊ, हिच्या हातची वांग्याची भाजी..." आणि भाजीवर गाडी जायची. मी थांबले. फाइलच्या नावात काय होतं? साल, महिना, 'मुंज'. त्यातली अर्ध्याहून जास्त माणसं मला ओळखता येत नव्हती. ताईलाही नाहीत. आमच्या पुढच्यांना तर तो डॉलर-टक्क्यांचाच मजकूर होता.

तेव्हापासून रविवारी दुपारी हेच चालतं. आई सांगते, मी फोटोच्या नावात डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं टाकते. फोटोच्या आतल्या नोंदीतही लिहायची सोय असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून गेला की ती गळते. म्हणून नावात, आणि शिवाय एका वहीत. बायकांची माहेरची नावं पण लिही, असं आईने बजावलं आहे. नाहीतर चार कुलकर्णीबाई एका रांगेत उभ्या राहतील आणि कोण कुठली कळायचं नाही. आईला जे ओळखू येत नाहीत, ते मी आत्याला पाठवते. आत्या ऐंशीच्या पुढची, चष्मा लावून मोबाइल अगदी नाकाशी धरून बघते आणि लगेच फोन करते. गेल्या आठवड्यात स्टुडिओच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या नऊवारीतल्या बाईवरून दोघींचं वाजलं. आई म्हणते यमूमावशी. आत्या म्हणते, "छे! यमू एवढी उंच कुठे होती? ती भोरची." आई फोनवर म्हणाली, "तुम्ही तेव्हा लहान होतात, वन्सं." आत्या म्हणाली, "आणि तू तर घरात आलीही नव्हतीस." फाइलचं नाव आता पुष्कळ लांब झालं आहे: दोन्ही नावं आणि कोणाचं मत कुठलं ते. लांब नावाला विंडोज मधूनमधून हरकत घेतं, पण आत्या ऐकणार नाही.